घरचा संगणक आणि दुसरी प्रत

पूर्वी घरातले महत्त्वाचे कागद पत्र्याच्या एका पेटीत असत. जमिनीचे खत, सोसायटीच्या पावत्या, मुलांचे दाखले, लग्नातला एखादा फोटो. पेटीला कुलूप असे आणि किल्ली घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या कमरेला. आता पुष्कळ घरांत या पेटीचे काम संगणक करतो. संगणक म्हणजे कॉम्प्युटर. कुणी नवा घेतो, कुणी शहरातून जुना आणतो. मुले त्यावर अभ्यास करतात, सून बचत गटाचा हिशोब ठेवते, मोबाईलमधले फोटो त्यात भरून ठेवतात.

पेटी आणि संगणक यांत एक मोठा फरक आहे. पेटीचे कुलूप गंजले तर लोहाराकडून तोडून घेता येते. आतले कागद हाती लागतात. संगणकाचे तसे नाही. तो आज संध्याकाळी चांगला चालतो आणि उद्या सकाळी बटण दाबले की नुसता काळा पडदा दाखवतो. आतला हिशोब, आतले फोटो आतच राहतात. असे का होते आणि तसे होण्याआधी आपण काय करून ठेवावे, ते आपण पाहू.

आधी एका घरची हकीकत ऐका.

नवरा, बायको, मुलगा, मुलगी आणि नवऱ्याची म्हातारी आई, असे हे घर. बाई गावातल्या बचत गटाच्या सचिव होत्या. मुलाने तालुक्याहून एक जुना संगणक आणला होता. गटाचा हिशोब त्यात, थोरल्या काकांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो त्यात, मुलांचे दाखलेही त्यातच.

आजीला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. जाते केव्हाच कोपऱ्यात गेले होते, पण ओव्या तोंडात होत्या. एका दिवाळीच्या सुट्टीत नातीने हट्ट धरला. म्हणाली, "आजी, तू म्हण. मी मोबाईलमध्ये धरून ठेवते."

आजी म्हणाली, "अगं पोरी, हातात खुंटा नाही न् ओवी कशी सुचंल?"

मग जाते झाडून मांडले. मूठभर जोंधळे टाकले. जाते फिरू लागले आणि आजीचा गळा सुटला. भावाच्या ओव्या, माहेरच्या ओव्या, पंढरीच्या वाटेवरच्या ओव्या. तीन दिवस हे चालले. शंभराच्या वर ओव्या झाल्या.

एवढ्यात मोबाईल भरला. मुलाने ओव्या आणि फोटो संगणकात टाकले आणि मोबाईलमधून पुसून टाकले. जागा मोकळी झाली. पुढच्या श्रावणात आजी वारली. वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक जमतील, तेव्हा आजीचा आवाज ऐकवायचा, असे घरात ठरले.

त्या आधीच्या मे महिन्यात वळवाचा पाऊस आला. दोन दिवस लाईट सारखी जात-येत होती. तिसऱ्या दिवशी संगणक लावला, तर आतून आवाज येऊ लागला. टक्, टक्, टक्. पाल चुकचुकावी तसा. मुलाने चार-पाच वेळा बंद करून पुन्हा लावला. मग तो लागेचना.

मुलगा आणि आई संगणक घेऊन तालुक्याला गेली. दुरुस्तीवाल्याने तो उघडला, तपासला आणि म्हणाला, "ताई, बाकी सगळं ठीक आहे. डिस्क गेली."

"मग नवी टाका की, दादा."

"टाकतो. दोन-अडीच हजारांत संगणक चालू होईल. पण नवी डिस्क कोरी असते. तुमचं जे होतं, ते जुनीत."

"जुनीतलं काढता येत नाही का?"

"माझ्याच्यानं नाही. पुण्या-मुंबईला काढणारे आहेत. डिस्क उघडावी लागली तर खर्च पाच आकडी जातो, आणि निघेलच असं कुणी लिहून देत नाही. दुसरीकडं कुठं ठेवलंय का? पेन ड्राइव्हमध्ये, कुणाच्या मोबाईलमध्ये?"

बाई काहीच बोलल्या नाहीत.

पुढे काय झाले ते नीट पहा. बचत गटाचा हिशोब वाचला. कारण गटाची शाईने लिहिलेली वही होती आणि प्रत्येक बाईकडे तिचे पासबुक होते. चार रात्री बसून तो पुन्हा भरला. दाखले शाळेतून आणि कचेरीतून परत मिळाले. हेलपाटे पडले, पण मिळाले. लग्नाचे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर सापडले. व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवते, म्हणून ते मोठे करून पाहताना धूसर दिसतात. तरी माणसे ओळखू येतात.

ओव्या मात्र कुठेच नव्हत्या. नातीला दहा-बारा पाठ होत्या. त्या तिने वहीत उतरवून काढल्या. आवाज गेला तो गेलाच.

मुलाला वाटले होते, संगणकात टाकले म्हणजे जपले. पण त्याने काय केले? एका कणगीतले धान्य दुसऱ्या कणगीत ओतले. त्याने धान्य दुप्पट झाले का? ओव्या मोबाईलमध्ये होत्या तेव्हा एकच प्रत होती. संगणकात गेल्या तेव्हाही एकच राहिली. हलवणे वेगळे आणि प्रत काढणे वेगळे. मोबाईलमधल्या पुसण्यापूर्वी आणखी एका ठिकाणी उतरवल्या असत्या, तर दुरुस्तीवाल्याच्या प्रश्नाला उत्तर असते. संगणकाची माणसे अशा दुसऱ्या प्रतीला बॅकअप म्हणतात.

आता ही डिस्क म्हणजे काय, ते पाहू. संगणकाच्या पेटीत एक लहान चपटा डबा असतो. त्याला हार्ड डिस्क म्हणतात. हे संगणकाचे कोठार. आत गुळगुळीत, आरशासारख्या तबकड्या असतात. त्यांवर लोहचुंबकाच्या खुणांनी सगळे लिहिलेले असते. हिशोब असो, फोटो असो की ओवी असो, सगळे त्याच खुणांत. संगणक चालू असताना या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा गरगर फिरतात. त्यांच्यावरून एक बारीक दांडी पुढे-मागे सरकते आणि तिच्या टोकाचा वाचक खुणा वाचतो.

मौज अशी की हा वाचक तबकडीला टेकत नाही. वाऱ्याच्या पातळ थरावर तो तरंगतो. तबकडी आणि वाचक यांच्यात अंतर किती? माणसाच्या केसाची जाडी घ्या आणि तिचे हजारो भाग करा. त्यातल्या एका भागाएवढे. म्हणून डिस्क चालू असताना तिला धक्का बसला, ती पडली, किंवा वीज अवचित खालीवर झाली, की इजा होऊ शकते. आतला एखादा भाग नुसता झिजूनही तसे होते. वाचक तबकडीला घासला की तिथली खूण खरवडून जाते. शेतातली बांधाची खूणच नांगरून टाकावी तसे. मग डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते. टक् टक् आवाज येतो तो बहुधा याचाच. आणि आपण जितक्या वेळा संगणक चालू करू, तितके खरवडणे वाढते.

अशी पहिली डिस्क १९५६ साली अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीने विकायला काढली. तिच्यात दोन-दोन फुटांच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळे मिळून ५० लाख अक्षरे मावत. ती कपाटाएवढी होती. आज नखाएवढ्या कार्डात तिच्या हजारो पट मावते. सोय झाली खरी. पण पूर्वी एक वही हरवली तर एक वही जाई. आता नखाएवढी वस्तू हरवली की घराण्याचे सगळे फोटो एकदम जातात.

नव्या संगणकात फिरणारी तबकडी बहुधा नसते. त्यात एस.एस.डी. नावाची चिप असते. तिच्यात काही फिरत नाही, म्हणून ती धक्क्याला भीत नाही आणि कामालाही चपळ असते. पण तीही मरते, आणि मरताना पुष्कळदा टक् असा आवाजही करत नाही. पेन ड्राइव्ह आणि मोबाईलचे कार्ड ही तिचीच स्वस्त भावंडे. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे पेटीत तसाच पडून राहिला, तर आतले पुसट होण्याचा धोका असतो. म्हणून एकट्या पेन ड्राइव्हच्या भरवशावर राहू नये. खिशात घेऊन फिरायची ती वस्तू आहे, वारसा ठेवायची नव्हे.

डिस्क बिघडणे हा झाला एक धोका. दुसरेही आहेत. घरातले लहान मूल चुकून पुसते. चोर संगणकच उचलून नेतो. आग लागते. २०१२ सालच्या जून महिन्यात मुंबईला मंत्रालयात आग लागली आणि सरकारच्या कितीतरी फायली जळाल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर आणि सांगलीकडे पूर आला, तेव्हा घरेच्या घरे पाण्यात होती. अशा वेळी संगणक टेबलावर आणि त्याची दुसरी प्रत टेबलाच्या खणात असेल, तर दोन्ही एकदमच बुडणार. दुसरी प्रत दुसऱ्या घरी हवी, ती यासाठी.

आणखी एक नव्या तऱ्हेचा दरोडा आहे. मेल किंवा एखादी फसवी फाईल उघडली की एक दुष्ट प्रोग्रॅम आत शिरतो आणि सगळ्या फायलींना कुलूप घालतो. मग पडद्यावर निरोप येतो, पैसे भरा, म्हणजे किल्ली देतो. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या अशाच प्रोग्रॅमने सुमारे दीडशे देशांतले संगणक अडवले. इंग्लंडमध्ये इस्पितळांना रोगी परत पाठवावे लागले. पैसे भरले तरी किल्ली मिळेल याची खात्री नसते. ज्याच्याकडे वेगळी प्रत आहे तो मात्र संगणक पुसून, नव्याने भरून कामाला लागतो. पण ती प्रत संगणकाला कायम जोडून ठेवलेली नसावी. जोडलेली असेल तर कुलूप तिलाही बसते. प्रत काढावी, वायर काढावी आणि डिस्क बाजूला ठेवावी.

दुसरी प्रत ठेवण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. तुकाराम महाराजांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, ही कथा आपण ऐकत आलो आहोत. पण त्यांचे अभंग लोकांच्या तोंडी होते, आणि संताजी जगनाडे यांनी ते लिहून ठेवले, असेही परंपरा सांगते. एका वहीवर ते अवलंबून नव्हते. जात्यावरच्या ओव्यांचेही असेच एक मोठे काम झाले आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी आपल्या सोबत्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कागदावर लिहिल्या, कितीतरी टेपवर धरल्या, पुढे संगणकात भरल्या. म्हणून आज त्या कुणालाही ऐकता-वाचता येतात.

आता करायचे काय ते बोलू. पहिला प्रश्न असा की प्रत कशाची काढायची? संगणकात शंभर गोष्टी असतात. सिनेमे, गाणी, खेळ. ते पुन्हा मिळतात. त्यांच्यासाठी जीव टाकू नये. सातबारा उतारा पुन्हा निघतो, तलाठ्याकडून किंवा सरकारच्या महाभूलेख या ठिकाणाहून. २०१५ पासून सरकारचे डिजिलॉकर आहे. त्यात आधार, वाहनाचा परवाना, दहावी-बारावीची गुणपत्रिका असे कागद पुन्हा उतरवून घेता येतात. हे हातचे गेले तर हेलपाटा पडेल, नुकसान होणार नाही.

पण काही गोष्टी जगात एकाच ठिकाणी असतात. तुमच्या घरी. आईचा आवाज, वारलेल्या माणसाचा फोटो, मुलाचे पहिले पाऊल. वाटणीच्या वेळी घरातल्यांनी सही केलेला कागद, जो कुठल्याच कचेरीत नोंदलेला नाही. बचत गटाचा हिशोब, उधारीची यादी, विहीर खोदतानाचा खर्च. यांची एक वेगळी फाईल-पेटी संगणकात करावी. संगणकाच्या भाषेत तिला फोल्डर म्हणतात. तिला 'महत्त्वाचे' असे नाव द्यावे. सगळ्या घराने नवे जे महत्त्वाचे असेल ते तिथेच टाकावे. पुष्कळ घरांत प्रत काढायची राहते ती आळसाने नव्हे. काय कुठे आहे तेच कळत नाही, म्हणून राहते.

मग प्रत कुठे ठेवायची? बाहेरून जोडायची हार्ड डिस्क मिळते. तळहाताएवढी असते. ती घ्यावी, 'महत्त्वाचे' हे फोल्डर तिच्यात उतरवावे आणि ती दुसऱ्या घरी ठेवावी. दुसऱ्या गावी असलेल्या बहिणीकडे, मामाकडे, विश्वासाच्या माणसाकडे. बियाण्याचा एक वाटा आपण पाहुण्याकडे ठेवतो ना, तसे. तीत बँकेचे कागद असतील तर ती वाटेल त्याच्या हाती देऊ नये, हे सांगायला नकोच.

इंटरनेटवरही जागा मिळते. गूगलसारख्या कंपन्या थोडी जागा फुकट देतात. गाव पुरात बुडाले तरी ती प्रत दूरवर सुरक्षित राहते. पण तिथे तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पासवर्ड हीच तिथली किल्ली. तो विसरला आणि मोबाईल नंबरही बदललेला असला, तर ओ.टी.पी. जुन्या नंबरवर जातो आणि आपण आपल्याच दारात उभे राहतो. दुसरे असे की पुष्कळदा मोबाईल आणि इंटरनेटवरची जागा एकमेकांशी बांधलेली असतात. इथले पुसले की तिथलेही पुसले जाते. ती दुसरी प्रत झाली नाही, आरसा झाला. तिसरे म्हणजे खाते अधूनमधून उघडत जावे. दोन वर्षे न वापरलेले खाते पुसले जाऊ शकते, असा नियम गूगलने २०२३ साली केला आहे.

जाणकार सांगतात, तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या तऱ्हेच्या वस्तूंवर असाव्यात आणि एक घराबाहेर असावी. नियम चांगला आहे. पण आमचे मत असे की तिसरीची वाट पाहत दुसरी लांबवू नये. आज घरात एकच पेन ड्राइव्ह असेल तर आज त्याच्यावरच उतरवा. डिस्क पुढच्या बाजाराला घेता येईल. आणि हिशोबाच्या बाबतीत कागद सोडू नका. महिन्याच्या बैठकीत गटाचा हिशोब छापून घेऊन सह्या केल्या, तर लाईट नसली तरी तो वाचता येतो.

विजेचा त्रास असलेल्या गावात संगणकाला यू.पी.एस. नावाची बॅटरीची पेटी लावतात. लाईट गेली की ती काही मिनिटे संगणक चालू ठेवते, तेवढ्यात तो रीतसर बंद करता येतो. विजा चमकू लागल्या की पिन सरळ भिंतीतून काढावी. आणि टक् टक् आवाज आलाच, तर पुन्हा पुन्हा लावून पाहू नये. बंद करावा आणि जाणत्याकडे न्यावा. त्याला पहिले वाक्य हे सांगावे की "आतलं हवंय." नाहीतर तो बिचारा संगणक चालू करण्याच्या भरात डिस्क पुसून नवी भरेल. चुकून काही पुसले गेले तर आधी रिसायकल बिन पाहावी. तिथे नसले तरी फाईल लगेच नाहीशी होत नाही. बऱ्याचदा तिचे नाव फक्त यादीतून निघते आणि जागा नव्या लिखाणासाठी मोकळी धरली जाते. म्हणून त्या संगणकावर दुसरे काही न भरता मदत बोलवावी.

शेवटचे काम सोपे आहे, पण ते कुणी करत नाही. काढलेली प्रत उघडून पाहायची. प्रत काढली असे वाटते आणि डिस्कमध्ये नुसती नावे असतात, आत काही नसते, असे होते. म्हणून ती डिस्क आपल्या नव्हे, शेजाऱ्याच्या किंवा शाळेच्या संगणकाला जोडावी. दोन फोटो उघडावेत. हिशोबाची एक फाईल उघडून शेवटच्या महिन्याची बेरीज वहीशी ताडून पाहावी. आवाज असेल तर तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावा. बचत गटाच्या बैठकीचा दिवस प्रत काढायला धरावा, आणि तपासायला दिवाळी आणि पाडवा. डिस्कवर कागदाची चिठ्ठी चिकटवावी आणि प्रत काढल्याची तारीख तिच्यावर पेन्सिलीने लिहावी. पुढच्या वेळी ती खोडून नवी घालता येते.